मातीचा बैल किती जुना?

ज्येष्ठातली पुनव जवळ आली की बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीच्या बाजारात मातीचे बैल मांडलेले दिसू लागतात. आमच्याकडं या सणाला बेंदूर म्हणतात. बाकीच्या मराठी मुलखात बैलांचा सण आषाढात नाहीतर श्रावण-भाद्रपदाच्या अवसेला येतो, म्हणून कोल्हापूरकडचे लोक आमच्या सणाला 'कर्नाटकी बेंदूर' असं वेगळं नाव देतात. कन्नड शेजाऱ्यांची कारहुण्णिमे याच दिवशी, आणि बायकांची वटपौर्णिमाही याच दिवशी. ज्यांच्या दावणीला बैल आहेत ते शिंगांना बेगड लावतात, अंगावर झूल घालतात, संध्याकाळी वेशीत कर, म्हणजे आडवी बांधलेली दोरी, तोडतात. ज्यांच्या दावणीला काही उरलं नाही, आणि आता असेच घर जास्त, ते मातीची जोडी आणून देव्हाऱ्यापुढं ठेवतात आणि तिलाच पुरणपोळीचा निवद दाखवतात.

गेल्या बेंदराला मी दहा वर्षांच्या पुतणीला घेऊन बैल आणायला गेले. कुंभारमामांचं काम चालूच होतं. ओल्या मातीचा गोळा तळव्यात लांबट वळला, खालून चिमटीनं चार पाय ओढून काढले, अंगठा आणि तर्जनीत धरून पाठीवर वशिंड उभं केलं, मान जराशी वळवली आणि सगळ्यात शेवटी शिंगं लावली. दोन-तीन मिनिटांत बैल फळीवर उभा राहिला. भट्टी नाही, काही नाही. उन्हात वाळायला ठेवलेल्या जोड्या तेवढ्या होत्या.

"भाजत का न्हाई ओ?" पुतणीनं विचारलं.

"भाजल्यावर विरघळंल व्हय गं?" मामा म्हणाले.

आमच्या घरी पूजा झाली की जोडी परड्यात तुळशीपाशी ठेवतात. मृगाचा पाऊस लागलेला असतो. चार-आठ दिवसांत आधी शिंगं जातात, मग पाय, मग नुसता मातीचा उंचवटा उरतो. घरी येताना पोरगी म्हणाली, "आत्ती, हे किती जुनं आहे?" मी म्हणाले, "लई जुनं." आणि मलाच वाटलं, हे काही उत्तर झालं नाही.

'हजारो वर्षांची परंपरा' हे शब्द आपल्या तोंडात तयारच असतात. पण एखादी चाल जुनी आहे हे ओळखायचं कशावरून? कुठला पुरावा धरायचा आणि कुठला सोडायचा? त्या दिवशी पोरीला जे नीट सांगता आलं नाही ते इथं सांगते. उदाहरणं बहुतेक आमच्याच भागातली घेते. सीमाभागाविषयी बोलताना माणसं १९५६ च्या राज्य पुनर्रचनेच्या रेषेपाशी अडकतात. मला त्या रेषेच्या बऱ्याच आधीचं काही दाखवायचं आहे.

सुरुवात मात्र पुणे जिल्ह्यात होते. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी, म्हणजे सांकलिया, ढवळीकर, अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथं उत्खनन केलं. हाती आलं ते ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांचं गाव. त्यातल्या एका घराच्या जमिनीखाली मुद्दाम पुरून ठेवलेली मातीची पेटी मिळाली. तिच्यासोबत एक बिनमुंडक्याची स्त्रीमूर्ती होती आणि एक बैल होता. मूर्तीला एक भोक आणि बैलाच्या पाठीला एक भोक. मधे काडी घातली की बाई बैलावर बसते. काळ साधारण इसवी सनापूर्वी १३०० चा, म्हणजे आजपासून तेहतीसशे वर्षांपूर्वीचा. आणि मूर्ती कच्च्या मातीची, भाजलेली नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कुंभारमामांची फळी आठवली. बैल तोच, माती तीच, न भाजणंही तेच. इथंच थांबून 'बघा, तेहतीसशे वर्षांची परंपरा' असं म्हणायचा मोह होतो. पण तो बैल आणि आमचा बैल यांच्यामधली शतकं जवळजवळ रिकामी आहेत. इनामगावची पेटी सापडली ती कुणीतरी जमिनीखाली पुरली म्हणून. तशीच मूर्ती परड्यात ठेवली असती तर पहिल्या पावसातच गेली असती आणि सांकलियांच्या हाती चिखलसुद्धा लागला नसता.

पुरातत्त्वाची खरी अडचण इथं आहे. जे भाजलं, कोरलं, ओतलं, ते जमिनीखाली राहतं. जे कच्चं, जे गवताचं, जे खाऊन संपवायचं किंवा पाण्यात सोडायचं, ते राहत नाही. आपल्याकडची निम्मी कर्मकांडं या दुसऱ्या जातीची आहेत. तेव्हा मधल्या शतकांत मातीचे बैल सापडत नाहीत म्हणून ते कुणी केलेच नाहीत असं ठरत नाही. त्याचप्रमाणे ते सलग केले गेले असंही ठरत नाही. दोन टोकं हाती आहेत, मधला दोर दिसत नाही. पोरीला सांगायचं तर इतकंच खरं सांगता येतं.

मग दोर कधी दिसतो? एक पक्कं उदाहरण राजस्थानातल्या कालीबंगनचं आहे. तिथं उत्खननात एक नांगरलेलं शेतच सापडलं, सुमारे इसवी सनापूर्वी २८०० चं. सऱ्या दोन दिशांना, एकमेकींना छेद देणाऱ्या. एका दिशेच्या सऱ्या जवळजवळ, दुसऱ्या दिशेच्या लांबलांब. उत्खनन करणाऱ्यांनी आसपासच्या शेतांत पाहिलं तर तिथले शेतकरी तशीच आडवी-उभी नांगरट करत होते. जवळच्या सऱ्यांत हरभरा, लांबच्या सऱ्यांत मोहरी. सूर्य कलला तरी उंच मोहरीची सावली हरभऱ्यावर फार पडू नये, असा त्यातला हिशेब. या उदाहरणात नुसता आकार जुळत नाही. जागा जुळते, काम करायची पद्धत जुळते, आणि तसं का करायचं याचं कारणही जुळतं. एवढं जुळल्यावर सलगता मानायला माझी ना नाही.

याच्या उलट मोहेंजोदडोची ती प्रसिद्ध मुद्रा घ्या. शिंगांचा मुकुट घालून मांडी घातलेला पुरुष, भोवती जनावरं. जॉन मार्शल यांनी १९३१ मध्ये त्यात शिवाचं आदिरूप पाहिलं आणि शाळेच्या पुस्तकांतून ते आपल्या डोक्यात पक्कं बसलं. पण त्या लोकांची लिपी आजही वाचता आलेली नाही, त्या देवाला ते काय म्हणत हे माहीत नाही, आणि अनेक अभ्यासकांनी मार्शल यांचं म्हणणं नाकारलं आहे. इथं जुळतो तो फक्त आकार. आकार एकटा असला की त्यावर फार भार टाकू नये.

लिपीचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं सांगते. इजिप्तमध्ये चित्रलिपीतला शेवटचा तारखेसकटचा लेख फायलीच्या देवळात इसवी सन ३९४ मध्ये कोरला गेला. पुढं ती वाचणारं कुणी राहिलं नाही. १८२२ मध्ये शांपोलियोंनी ती पुन्हा उलगडली. तरी तिथले शेतकरी पेरणी-कापणीचा हिशेब ज्या कॉप्टिक महिन्यांवर करतात त्यांची नावं तूत, हातूर अशी आहेत. तूत म्हणजे थोथ देव आणि हातूर म्हणजे हाथोर देवी. देवळं ओस पडली, पुजारी गेले, धर्म दोनदा बदलला, आणि देव पेरणीच्या पंचांगात राहिले. चीनमध्ये उलटं झालं. इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास हाडांवर कोरलेल्या लिपीतूनच आजची लिपी वाढत आली, मधे तुटली नाही.

आपलं काय? आपण 'अखंड' म्हणतो खरं, पण आपल्याकडंही विसर पडलेला आहे. ब्राह्मी लिपी वाचणारं एकेकाळी या देशात कुणी उरलं नव्हतं. अशोकाचे लेख डोळ्यांसमोर उभे होते आणि त्यात काय लिहिलंय हे कुणाला सांगता येत नव्हतं. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ती लावली. गंमत अशी की ब्राह्मी विसरलेली माणसं तिच्याच लेकींमध्ये रोज लिहीत होती. देवनागरी ब्राह्मीचीच, कन्नड लिपीही ब्राह्मीचीच. पाट्यांवरून आमच्याकडं काय काय होतं ते सीमाभागात राहणाऱ्याला सांगायला नको. दोन्ही पाट्यांवरचा 'क' एकाच अक्षरातून फुटलेला आहे, हे मला प्रत्येक वेळी त्या पाट्यांखालून जाताना आठवतं.

आणि त्या मूळ अक्षराचा पुरावा बेळगावातच आहे. वडगाव-माधवपूर या भागात १९७० च्या दशकात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे अ. सुंदर यांनी उत्खनन केलं तेव्हा सातवाहन काळातलं गाव उघडं झालं. विटांची बांधकामं, नाणी, आणि वैदिक यज्ञ करणाऱ्या ब्राह्मणाचा उल्लेख असलेला ब्राह्मी लेखाचा खांब. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथं बऱ्यापैकी नांदतं गाव होतं.

आज त्याच वडगावात आषाढातल्या मंगळवारी मंगाईची यात्रा भरते. गाऱ्हाणं घालतात, ओट्या भरतात, आणि नवस फेडायला कोंबडीची पिल्लं देवळावर उडवतात. बेळगावातल्या प्रत्येकानं लहानपणी ही यात्रा पाहिलेली असते. मग मंगाई दोन हजार वर्षांची का? जागा एक आहे एवढ्यावर तसं म्हणता येणार नाही. खांबावरचा यज्ञ करणारा ब्राह्मण आणि मंगाईपुढं गाऱ्हाणं घालणारी बाई या दोन वेगळ्या वाटा आहेत. मला उलट असं वाटतं की यज्ञवाल्यानं खांब उभारला म्हणून आपल्याला तो कळला. त्याच गावात त्याच वेळी झाडाखालच्या धोंड्याला कुणी शेंदूर लावत असेल तर त्याचा पत्ता लागायचा कसा? पण हा माझा अंदाज आहे, आणि अंदाज म्हणूनच तो पोरीला सांगेन.

दगडाची गोष्ट वेगळी असते. दगड राहतो, पण पुष्कळदा त्याच्याभोवतीचं सगळं निघून जातं. खानापूर तालुक्यातलं हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. पाचव्या शतकातले ताम्रपट त्या नावानं बोलतात. ती एका राज्याची दुसरी राजधानी होती, आज लहान गाव आहे. भूवराह नरसिंहाच्या देवळात पूजा चालू आहे, पण कदंबांचं नाव सांगणारं घर त्या गावात शोधूनही मिळायचं नाही. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन देऊळ, १२०४ ची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्यानं बांधलेली. छताचं दगडी कमळ पाहायला लोक लांबून येतात. तिच्या दानाचे लेख मात्र आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यात बेळगावचं नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूंचं गाव, असं येतं. बाजारपेठेत गुजरात आणि केरळकडचे व्यापारी असल्याचंही त्यांत दिसतं. रट्ट गेले, त्यांचं राज्य गेलं, बस्ती आहे.

आता सौंदत्ती, म्हणजे रेणुकेचा, आमच्या यल्लम्माचा डोंगर. इथं मला जरा जास्त वेळ थांबायचं आहे.

मार्गशीर्षातल्या पुनवेला कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडून निघालेली माणसं निपाणीवरून डोंगराला जातात. पूर्वी बैलगाड्यांची रांग लागायची, आता एसट्या आणि ट्रक. 'उदं गं आई उदं' ऐकू आलं की आमची आजी हातातलं काम टाकून रस्त्याला यायची. जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, डोक्यावर घेतलेली बाई समोरून गेली की तिच्या पायावर पाणी ओतायची, परडीत जोंधळं घालायची आणि कपाळभर भंडारा लावून घरी यायची. या पुनवेला आमच्याकडं रांडाव पुनव म्हणतात. त्या दिवशी देवीच्या बांगड्या फुटतात, तिचा नवरा जमदग्नी मारला जातो. पुढं माघातल्या पुनवेला ती पुन्हा अहेव होते. वर्षातले थोडे दिवस विधवा आणि मग पुन्हा सवाष्ण. शास्त्री-पंडितांच्या धर्मात न बसणारी ही गोष्ट लाखो बाया दरवर्षी डोळ्यांत पाणी आणून पाळतात.

रेणुकेची कथा आपण ऐकलेली असते ती परशुरामानं आईचं डोकं उडवलं तिथपासून. आजी आधीचा भाग सांगायची. रेणुका रोज मलप्रभेवर जायची, काठच्या वाळूची घागर करायची, सापाची चुंबळ करून डोक्यावर ठेवायची आणि त्या घागरीतून पाणी आणायची. रोज नवी घागर, भाजलेली नाही. मन चळलं त्या दिवशी घागर वळेना, साप हाती लागेना. रेणू म्हणजे धूळ, माती, वाळूचा कण. तिच्या नावातच माती आहे.

लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी या देवीचा माग फार चिकाटीनं काढला. वारूळ, नाग, मातीची घागर, आणि दख्खनभर मिळणाऱ्या त्या बिनमुंडक्याच्या देवीच्या मूर्ती, जिला आपण लज्जागौरी म्हणतो, हे सगळं त्यांनी एकाच भूमिदेवतेच्या धाग्यात ओवून दाखवलं. लज्जागौरीच्या मूर्ती इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपासून मिळतात. धाराशिवजवळच्या तेरमध्ये आहेत, आणि सौंदत्तीहून फार लांब नसलेल्या बदामीच्या परिसरातली चालुक्यकाळातली मूर्ती तर फार सुंदर आहे. डोक्याच्या जागी उमललेलं कमळ. इकडं माहूरला रेणुकेचा फक्त मुखवटा पुजतात, धड नाही. एका जागी धड, एका जागी डोकं, आणि मधे डोकं उडवल्याची कथा.

हा धागा मला पटतो. लज्जागौरीपासून यल्लम्मापर्यंत प्रदेश जुळतो, मूल मागण्याचा नवस जुळतो, मातीशी आणि वारुळाशी असलेलं नातं जुळतं. पण तेवढ्याच खात्रीनं इनामगावच्या बिनमुंडक्या मूर्तीला या माळेत ओवता येत नाही. तिथून लज्जागौरीपर्यंत हजारावर वर्षांचं अंतर आहे. ती हिची पणजी असेलही. असं असेलही म्हणून ठेवून द्यायला मला काही कमीपणा वाटत नाही.

आमच्या गावांतली लक्ष्मीची यात्रा पाहिली की हे सगळं जास्त नीट कळतं. ती दरवर्षी नसते. कुठं पाच वर्षांनी, कुठं बारा, कुठं पंचवीस वर्षांनी. आधी वार पाळतात, म्हणजे ठरलेल्या वारी गावात शेतीची कामं बंद, दळणकांडण बंद. मग देवीला रंग देऊन रथात बसवतात, होन्नाट, म्हणजे भंडाऱ्याचा खेळ, होतो, भंडाऱ्यानं माणसं ओळखू येत नाहीत. शेवटच्या दिवशी देवी सीमेवर जाते आणि तिथं तिच्यासाठी बांधलेली गवताची खोप पेटवून देतात. त्यामागची कथा, म्हणजे जात लपवून देवीशी लग्न केलेला नवरा, तिला सत्य कळणं, तिनं घराला आग लावणं, आणि रेड्याच्या रूपात मारला गेलेला तो, ही थोड्याफार फरकानं आंध्र-तेलंगणापासून तमिळनाडूपर्यंत सांगितली जाते. भाषा वेगवेगळ्या, राजे वेगवेगळे, आणि कथेचा सांगाडा एक. एखादी गोष्ट एवढ्या मुलखात पसरलेली असणं हाही एक पुरावा असतो. ती पसरायला काळ लागतो. तो नेमका किती, हे मात्र त्यातून निघत नाही.

पंचवीस वर्षांनी येणारी यात्रा पुढं जाते कशी? मागची यात्रा पाहिलेला माणूस पुढच्या यात्रेला जिवंत असतो म्हणून. खोप जळून गेलेली असते, पण ती कुणी बांधायची, गवत कुणाच्या रानातलं, विस्तव कुठल्या घरातून आणायचा, हे त्याला माहीत असतं. जपानमध्ये इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी पाडून तसंच्या तसं नव्यानं बांधतात, अगदी सातव्या शतकापासून. मधे काही काळ खंड पडला, तरी लाकूड कापायची, जोडायची रीत हातांतून हातांत गेली. शेवटचं बांधकाम २०१३ चं. इमारत वीस वर्षांची आणि रीत तेराशे वर्षांची. आमच्या सीमेवरची खोप त्याच जातीची आहे, फक्त तिची तारीख कुणी लिहून ठेवली नाही.

शब्दही असेच राहतात, आणि ते तर विरघळतही नाहीत. अथणीकडं मंगसुळीला खंडोबा आहे. तिथं भंडारा उधळून 'येळकोट येळकोट' म्हणताना किती जणांना त्याचा अर्थ माहीत असतो? कन्नडमध्ये एळु म्हणजे सात, कोटी म्हणजे कोटीच. सात कोटी, देवाचं सैन्य. मराठी माणसानं अर्थ सोडला आणि आवाज धरून ठेवला. जो शब्द कळत नाही तो कुणी मुद्दाम बनवत नाही, म्हणून असा न कळणारा शब्द फार भरवशाचा साक्षीदार असतो. हा देव कन्नड मुलखातून इकडं आला, किंवा निदान कन्नड तोंडांतून तरी आला, हे तो शब्द सांगतो. आणि पलीकडं मैलारला कन्नड भक्त 'एळुकोटि' झाल्यावर 'चांगमलो' म्हणतात, त्यात मला आपलं 'चांगभलं' ऐकू येतं. त्यांच्या आरोळीत आमचा शब्द, आमच्या आरोळीत त्यांचा.

असंच आमचं वीरगळ. गावाबाहेर चिंचेखाली उभा असलेला तो शेंदूर फासलेला दगड. खालच्या चौकटीत लढाई, बहुतेक वेळा गुरं वाचवताना झालेली. मधे अप्सरा वीराला वर नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं बसलाय. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत नाव राहो. वीरगळ या शब्दातला 'गळ' म्हणजे कन्नड कल्लु, दगड. नाव मात्र बहुतेक ठिकाणी गेलं. आमच्या वेशीतल्या दगडाला लोक म्हसोबा म्हणतात आणि अवसेला नारळ फोडतात. तो कुणासाठी मेला हे गाव विसरलं, तो आपल्यासाठी मेला एवढं विसरलं नाही. इथं रूप तेच राहून अर्थ बदलला. हीसुद्धा सलगताच, पण वेगळ्या प्रकारची, आणि ती वेगळी आहे हे सांगायला हवं. तूप, अडकित्ता, अक्का, अण्णा या शब्दांविषयी तर बोलायलाच नको. कन्नडमधल्या त्यांच्या भावंडांशिवाय आमचं स्वयंपाकघर आणि आमचं घरदार दोन्ही मुकं होईल.

खाण्यात डोळे सगळ्यात जास्त फसतात. जोंधळ्याची भाकरी, लाल मिरचीची चटणी आणि हुलग्याचं माडगं, असं ताट वाढलं तर कुणीही म्हणेल की हे सगळं अनादी. यातला खरा जुना रहिवासी हुलगा. दक्षिणेतल्या नवाश्मयुगीन वस्त्यांत, चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या थरांत, त्याचे जळके दाणे मिळाले आहेत. तो इथलाच. जोंधळा मूळचा आफ्रिकेतला, इकडं येऊन त्यालाही हजारो वर्षं झाली. आणि मिरची पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आलेली, पाचशे वर्षांचीच. ज्या ब्याडगीच्या मिरचीशिवाय आमचं जेवण म्हणवत नाही तिचं वय कमल बस्तीपेक्षा कमी आहे. आजीच्या आजीच्या आजीलाही मिरची माहीत होती, म्हणून ती आमच्या आठवणीत कायमचीच असते. माणसाची आठवण चार पिढ्यांपलीकडं गेली की सगळं सारखंच जुनं दिसतं.

एक गोष्ट मात्र गाळून पुढं जाता येणार नाही. यल्लम्माच्या नावानं पोरी देवदासी म्हणून सोडल्या गेल्या, हीही परंपराच होती. ज्या डोंगराकडं आजी हात जोडायची त्याच डोंगराच्या नावानं गरिबांच्या, बहुतेक दलित घरांतल्या पोरींच्या गळ्यात मोती बांधले गेले आणि त्यांच्या आयुष्याची माती झाली. मुंबई प्रांतात १९३४ मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला, कर्नाटकानं १९८२ मध्ये नवा कायदा केला. लक्ष्मीपुढचा रेड्याचा बळीही १९५९ च्या कायद्यानं बंद केला. जुनं आहे म्हणून राहू द्या, हे म्हणणं त्या पोरींसमोर उभं राहून करता येत नाही. मोती बांधणं थांबलं म्हणून डोंगर ओस पडला नाही. जग आजही जातो, रांडाव पुनवेला बांगड्या आजही फुटतात. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे प्रत्येक पिढीनं ठरवलेलं आहे. आधीच्या पिढ्यांनी ते लिहून ठेवलं नाही एवढंच.

यंदाच्या बेंदराला आम्ही पुन्हा कुंभार गल्लीत गेलो. मी मामांना विचारलं, बैल करायला कुणी शिकवलं. "आईनं," ते म्हणाले. "बापय चाकावर बसायचं, जनावरं बायकाच करायच्या." पोरगा कागलच्या एमआयडीसीत जातो, त्याला वेळ नाही. शिंगं पूर्वीपेक्षा आखूड झाली आहेत, हेही त्यांनीच सांगितलं. लांब शिंगांची खिलारी जोडी आता पोरांनी बघितलेलीच नसते, मग लांब केली की पोरं म्हणतात हा कुठला बैल.

मी हे सगळं वहीत टिपून घेत होते. तोवर पुतणीनं मामांच्या समोरच्या परातीतली माती उचलली होती. पाय जमले, मान जमली. वशिंड फार मोठं झालं आणि बैल मागं कलंडू लागला. मामांनी तिचा हात धरला, अंगठा जरा खाली सरकवला आणि म्हणाले, "हितं दाब. आता सोड."

बैल उभा राहिला. आम्ही तो घरी आणला आणि विकतच्या जोडीशेजारी ठेवला. तिसऱ्या दिवशी जोराचा पाऊस झाला. सकाळी ती परड्यात जाऊन बघून आली आणि म्हणाली, "माझ्याचं वशिंड अजून हाय, आत्ती."